वाटीभर कढीपत्ता

शेजारच्या शोभाताईंच्या यजमानांचा कारखाना बंद पडला आणि माझी खिरीची वाटी त्यांच्याकडेच राहिली. जिन्यात भेटल्या तरी मान खाली घालून जायच्या. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. पण घरातच ओढाताण असली की वाटीत घालणार काय? अशा वेळी बाई कुणाला काही सांगत नाही, आधी शेजारणीला टाळते. आणि एकटीच कुढत बसते.

आज सकाळी बेल वाजली. दारात शोभाताई, हातातल्या वाटीत कढीपत्ता!

"अहो, रोज डबे धुंडाळत होते. गॅलरीतल्या झाडाकडे बघितलंच नाही!" त्या हसत सुटल्या, मग मीही.

चहा झाला, थोडं रडूनही झालं. निघताना मी त्याच वाटीत पोहे भरून दिले आणि बजावलं, "आता रिकामीच आणा."

"रिकामी कशाला? झाड आहे ना माझं!"