पॅसेजमधला फोटो

नगरच्या आमच्या फ्लॅटमधला पॅसेज इतका अरुंद आहे, की समोरून कुणी आलं तर एकाला अंग चोरून भिंतीला टेकावं लागतं. टेकायचे नेहमी वडीलच. ते गेल्यावर त्यांचा फोटोही आम्ही तिथेच लावला. येताजाता कुणाचा तरी खांदा लागून तो वाकडा व्हायचा आणि आई तो सरळ करायची.

यंदा पॅसेज रंगवला. पुट्टी, मोतिया रंगाचे दोन हात, वर छताला बारके दिवे. शेजारी म्हणाले, अगदी हॉटेलसारखं झालं. मला ते गोड लागलं.

पितृपक्षात वडिलांच्या तिथीला पान वाढून झालं आणि पुढे ठेवायला फोटोच सापडेना. मी बायकोवर खेकसलो, मग भावावर. या घरात कुणाला कशाची पडलेली नाही, असंही बोललो. भावाने माळा उपसला. रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे फोटो निघाला, काचेवर मोतिया शिंतोडे वाळलेले.

आई पदराने काच पुसत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच म्हनला हुतास, नव्या भिंतीला खिळा मारायचा न्हाई."