बँडमास्तरांचा लाल दावा

बँडमास्तर जायला उठले तरी मी पेनाला टोपण लावत नसे. ते दारापर्यंत जात, चपलेत पाय घालत आणि वळून म्हणत, "वकीलसाब, येक ऱ्हायलं बगा." की चप्पल काढून पुन्हा खुर्चीत. मास्तर आता नाहीत, म्हणूनच हे लिहायची हिंमत करतोय. असते तर याही मजकुरात त्यांनी दुरुस्त्या सांगितल्या असत्या.

मास्तर जळकोटचे, माझी वकिली मुखेडला. मुखेडच्या एका गुत्तेदारानं, म्हणजे कंत्राटदारानं, मुलीच्या लग्नासाठी लेखी करार करून त्यांचा बँड ठरवला होता. ऐन वरातीच्या वेळी डीजेची गाडी आली आणि मास्तरांना आल्या पावली परत पाठवलं. करारभंगाचा सरळ दावा, नवख्या वकिलानंही जिंकावा असा. मी तो दोन पानांत उरकला.

मास्तरांचं मात्र समाधान होईना. "वादी करार पूर्ण करण्यास तयार होता" हे माझं वाक्य ऐकून ते दुखावलेच. "निस्तं तयार? इस्त्रीचा डरेस घालून उन्हात हुबे हुतो की आमी! त्ये लिवा." दाखल झालेल्या दाव्यात काही घालायचं तर दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो, समोरच्याचं म्हणणं येतं, मग कोर्टाची परवानगी मिळते, असं मी समजावलं. ते घाबरतील अशी माझी अपेक्षा होती. "लई चांगली सोय हाय की," मास्तर म्हणाले.

झालं! आधी ड्रेस आला. मग ढोलाला नवं कातडं चढवल्याचं आलं. मग क्लॅरिनेटवाला सासरवाडीचं ताट सोडून आला होता, तेही आलं. मंजूर झालेली दुरुस्ती मूळ दाव्यात लाल शाईनं लिहितात. आमचा दावा कुंकवाच्या पुडीत पडल्यासारखा दिसू लागला. एकदा न्यायाधीश मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्या सासूबाईंना पक्षकार करायचं राहिलं का?" सगळं कोर्ट हसलं. मास्तर माझ्या कानाशी लागले, "करता येतंय का?"

शेवटी मी हात जोडले. पुरावा सुरू झाला की साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून हवं ते सांगा म्हटलं, तोवर मला सोडा. ही मात्रा लागू पडली. मास्तर साक्षीची तालीम करू लागले. रोज सकाळी गोठ्यात म्हशीसमोर शपथ घेतात, अशी त्यांच्या मुलानं बातमी दिली.

आणि तारखांना वैतागलेल्या गुत्तेदारानं एक दिवस कोर्टात लिहूनच दिलं: दावा कबूल आहे, पुरावा न घेता लगेच निकाल द्यावा. मी खुशीत चहा मागवला. मास्तरांनी कपाला हात लावला नाही.

"म्हंजी मला कुनी काय इचारनारच न्हाई?"

"गरजच नाही! जिंकलो आपण."

"जिकलो, पर बोललो कुटं?"

मी चिडलो. "मास्तर, कातडं झालं, सासू झाली. आता काय शिल्लक आहे?"

मास्तरांनी कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाले, "परत धाडताना गुत्तेदार समद्या पाव्हन्यांम्होरं बोलला. तुमचं वाजवनं आता ऐकतंय कोन? त्येवढं लिवा."

इतके महिने हा माणूस याच वाक्यापर्यंत येत होता आणि जीभ रेटत नाही म्हणून ड्रेसवर, कातड्यावर भागवत होता. मी तिथल्या तिथे एका ओळीचा अर्ज लिहिला आणि निकाल होण्याआधी कोर्टात दिला.

समोरचे वकील हरकत घ्यायला उठले. मॅडमनी त्यांना हातानंच बसवलं, ती ओळ मोठ्यानं वाचली आणि मागे उभ्या असलेल्या गुत्तेदाराला विचारलं, "असं म्हणाला होतात?"

भर कोर्टात गुत्तेदाराची मान खाली गेली. "हाव, मॅडम. म्हनलो. चुकलंच माजं."

मॅडमनी दुरुस्ती मंजूर केली, माझ्याकडून ती लाल शाईनं लिहून घेतली, कबुलीवरून दावा मान्य केल्याचा निकाल सांगितला आणि पुढचं प्रकरण पुकारायला लावलं.

बाहेर आलो. मास्तर उपरण्यानं डोळे पुसत होते. "वकीलसाब, समद्यांम्होरं कबूल केलं त्येनं. आता निकाल कसा बी लागू द्या, आपली तक्रार न्हाई."

"अहो मास्तर, निकाल लागला! आत्ताच, तुमच्या देखत!"

"लागला?" मास्तर म्हणाले. "कुनाच्या बाजूनं?"