लागत नाही, हे लिहून आण

आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. पावसात तिथली फरशी शेवाळते. गेल्या महिन्यात त्या घसरल्या, नशिबानं हाड वाचलं. मी म्हटलं, तुमच्या खोलीच्याच कोपऱ्यात संडास बांधून घेऊ. त्यांनी आधी परवानगीचं विचारलं.

सासूबाई कधीकाळी गावच्या सरपंच होत्या. बाकी गावांत सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा. आमचे सासरे मात्र पंचायतीची पायरी चढायला घाबरत. खुर्ची जाऊन जमाना झाला, पण हुकूम अजून चालतो. आता फक्त माझ्यावर.

मी गेले पंचायतीत. ग्रामसेवक एकदा मानोऱ्याला मीटिंगला, एकदा पोहरादेवीला यात्रेच्या ड्युटीवर. शेवटी सापडले. म्हणाले, घराच्या आतलं काम आहे, भिंत बाहेर येत नाही, परवानगी लागतच नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खुशीत घरी आले, तर सासूबाई म्हणाल्या, "लागत नाही, हे लिहून आन."

पुन्हा गेले. ग्रामसेवक हसायला लागले. लागत असेल तर परवानगी देता येते, लागत नाही त्याचं काय लिहून देऊ, म्हणाले. तेवढ्यात आमचा गवंडी वाट बघून शिरपूरला दुसऱ्या कामावर निघून गेला. माझं डोकं फिरलं. लोक न विचारता मजले चढवतात आणि मी एका संडासासाठी चपला झिजवतेय. घरी येऊन मी चक्क ओरडले, उद्या कंबर मोडली तर तिला काय कागद बांधणार आहात?

त्या गुडघे चोळत म्हणाल्या,

"मी सरपंच असतानी समोरच्या बाईनं बिगर परवानगीचा ओटा बांधला होता. हातभर गल्लीत आलता. मी सोता उभी राहून तोडाले लावला. तिच्या नवऱ्याले लकवा होता, तो दिवसभर त्याच ओट्यावर बसे. मंग घरातच पडून राह्यला, मरेपर्यंत."

माझा राग गेला नाही. थोड्या वेळानं त्यांना संडासला जायचं होतं. मी हात दिला आणि आम्ही अंगणातून हळूहळू निघालो. समोरची बाई उंबऱ्यावर बसून तूर निवडत होती. सासूबाईंनी परत येईपर्यंत मान वर केली नाही.