गिअरबॉक्सची बारात

आमच्या डॉक्टरांनी पन्नाशी उलटल्यावर स्पोर्ट्स कार घेतली. आमचे डॉक्टर म्हणजे माझे यजमान. पांढरकवड्यात त्यांचा हाडांचा दवाखाना आहे, आणि मी इथल्याच कोर्टात वकिली करते. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मी त्यांना डॉक्टर म्हणते आणि ते मला वकीलबाई म्हणतात. भांडताना दोघांनाही ते सोयीचं पडतं.

गाडी पिवळीधमक, परदेशी, आणि इतकी बुटकी की साडी नेसून आत बसायचं म्हणजे आधी रस्त्याशी मैत्री करावी लागे. मागे दोन सीटा होत्या, पण त्या बहुधा दप्तरं ठेवण्यासाठी दिल्या असाव्यात. माझे सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "एवढी दबली काहून हे? वरून काही पडलं काय हिच्यावर?"

डॉक्टर बोनेटवर कबुतरानं सोडलेलं निशाण पुसत होते.

हायवेवर मात्र ती देखणी चालायची, हे कबूल करते. वडकीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की गिअर कधी बदलला ते कळायचंही नाही. डॉक्टर मला त्यामागचं शास्त्र सांगायचे. "यात दोन क्लच असतात, वकीलबाई. एक जण एक गिअर सोडत असतो, तेव्हा दुसरा पुढचा गिअर धरून तयारच असतो."

"म्हणजे आपल्या घरासारखं," मी म्हटलं. "एक जण बोलत असतो, तेव्हा दुसरा तयारच असतो."

गावात आली की या दोन क्लचांचं बिनसायचं. पहिल्यांदा ते झालं आठवडी बाजाराच्या दिवशी. पुढे कापसानं भरलेली बैलबंडी, बंडीच्या पुढे आणखी एक बंडी, आणि मागे आम्ही, तसूतसूनं सरकत. गाडीला आधी उचकी लागल्यासारखे झटके बसले. मग समोरच्या काचेवर लाल अक्षरं उमटली: गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे, सुरक्षित जागी थांबा. एका बाजूला कांद्याचा ढीग होता, दुसऱ्या बाजूला बैल. सुरक्षित जागा कोणती, ते ठरवायच्या आतच गाडी स्वतःहून थांबली. बंडीवाल्यानं मागे वळून आदरानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, दोर लावू काय?"

टोइंगचा ट्रक येऊन गाडी नागपूरला शोरूममध्ये घेऊन गेला. दोन दिवसांनी तिथून फोन आला: गाडी उत्तम आहे, कोणताही दोष आढळला नाही. डॉक्टर तिला चालवत घरी घेऊन आले. मग पुन्हा तेच. गावात बिघडायची, ट्रकवर चढायची, हायवेच्या वाऱ्यावर थंड व्हायची आणि नागपुरात पोचेपर्यंत ठणठणीत व्हायची. डॉक्टर हताशपणे म्हणाले, "माझे काही पेशंट असेच आहेत. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की त्यांची कंबर दुखायची थांबते."

शोरूमच्या मॅनेजरची वाणी फार गोड होती. एकदा फोनवर त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, साहेब रेसिंगबिसिंग तर करत नाहीत ना? तसं असेल तर वॉरंटीत बसत नाही." मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते संतापले, पण त्या संतापात एक चमक होती. पुढचे आठ दिवस त्यांनी दवाखान्यात येईल त्याला सांगितलं की कंपनीला आपल्यावर रेसिंगचा संशय आहे.

आमच्या समोरच्या घरात जुन्या ट्रकांचे सुटे भाग विकणारे एक भाई राहतात. हायवेवरचे निम्मे ट्रक त्यांच्या दुकानातल्या कुठल्या ना कुठल्या तुकड्यावर चालतात, असं ते सांगतात. आमच्या गाडीवर त्यांचा एकच इलाज होता. "डॉक्टरसाहेब, इच्यात जाड तेल टाका. ट्रकमधी टाकतो ना, तेच. पतल्या तेलाची गाडी हाय, दम कुठून येईन?" डॉक्टरांना त्या तेलाची इतकी धास्ती होती की भाई अंगणात दिसले, की ते स्वतः राखणीला गाडीच्या आसपास रेंगाळत राहायचे.

हेच भाई एका संध्याकाळी सपत्नीक आले आणि जरा अवघडून बसले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. चहा झाल्यावर ते म्हणाले, "भाभी, एक अर्जी हाय. पोरगा म्हणून राह्यला का बारात निघन तं डॉक्टरसाहेबाच्या पिवळ्या गाडीतच निघन. आता कसं करा लागते, तुमीच सांगा."

डॉक्टरांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. मॅरेज हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बारात म्हणजे नाचणाऱ्यांच्या पावलांनी चालणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण मला तेव्हा वेगळंच सुचलं होतं.

"भाई, गाडी तुमचीच समजा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना फोन केला. म्हटलं, तुम्हाला दोष दिसत नाही, आम्हाला दिसतो. तेव्हा तुमचा माणूस इकडे पाठवा. त्यानं गाडीत बसावं, इथल्या परिस्थितीत ती कशी चालते ते डोळ्यांनी पाहावं. दिवसही मीच सुचवला. ते लगेच कबूल झाले. या बोलण्यातला शब्द न् शब्द खरा होता. लग्नाबद्दल त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

इंजिनिअर आला तो चाळिशीचा, उंचापुरा, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ. हातात लॅपटॉप. आमच्या फाटकाशी बँड उभा पाहून त्यानं विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?"

"हो, शेजारी," मी म्हटलं. "बसा ना गाडीत."

पुढच्या सीटवर शेरवानी आणि सेहरा घातलेला नवरदेव आधीच बसलेला होता. इंजिनिअरनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. तो हुशार माणूस होता, काय ते समजला. त्यानं स्वतःची घडी घातली आणि मागच्या दप्तरांच्या जागेत शिरला. गुडघे कानांशी आणि गुडघ्यांवर लॅपटॉप. त्याची वायर नवरदेवाच्या पायांखालून पुढे गेली. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले, बँड वाजू लागला आणि आमची तपासणी सुरू झाली.

मी कडेकडेनं चालत होते. दुपारचं ऊन चांगलंच चढलं होतं. प्रत्येक चौकात पोरं नाचायला थांबत, गाडी थांबे. पोरं चार पावलं सरकत, गाडी सरके. अधूनमधून मी मागच्या काचेशी वाकून विचारायची, "काय म्हणते?" इंजिनिअर पडद्यावर पाहून सांगायचा, "क्लच तापतोय मॅडम. पण मर्यादेत आहे."

आणि ती लबाड गाडी त्या दिवशी बिघडेचना. भाजीबाजार गेला, बसस्टँड गेलं. एरवी दोन बंड्यांच्या मागे जिचा जीव जायचा, ती त्या दिवशी नवरीसारखी डौलात चालली होती. डॉक्टरांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. गाडी नीट चालली म्हणून त्यांना आनंद होत होता, आणि त्या आनंदाची त्यांना भीती वाटत होती. मी तर मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. कोर्टात मी पुष्कळ साक्षीदार फितूर झालेले पाहिलेत, पण चार चाकांचा पहिलाच.

मधेच कुणीतरी इंजिनिअरला नवरदेवाचा मामा समजून बाहेर ओढलं. डोक्यावर साफा बांधला. तो आधी लाजला, मग त्यानं लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि नाचला. चांगला नाचला. भाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाभी, कंपनीचा माणूस असून लय दिलदार हाय हा."

बारात हॉलच्या फाटकाशी पोचली. नवरदेव उतरला. पोरांनी डॉक्टरांनाही ओढून नाचायला नेलं, आणि गाडी फाटकातच राहिली. मागे नवरीकडच्या पाहुण्यांची बस येऊन हॉर्न वाजवू लागली.

"मी लावतो बाजूला," असं म्हणून इंजिनिअर साफ्यासकट स्टिअरिंगवर बसला.

त्यानं ती जरा मागे घेतली, जरा पुढे घेतली. मग मला ती ओळखीची उचकी दिसली. एक झटका, दुसरा झटका, आणि गाडी फाटकात आडवी होऊन मेली. काचेवर लाल अक्षरं. इतकी सुंदर अक्षरं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

बारातीतल्या पोरांनी ढकलून पाहिली, पण गिअर आतच अडकून बसल्यामुळे चाकं हलेनात. बसमधले पाहुणे खाली उतरून गाडीला वळसा घालत आत गेले. भाई धावत येऊन म्हणाले, "मी कधीचा सांगून राह्यलो, जाड तेल टाका." आणि इंजिनिअर एका कानात बोट घालून, बँडच्या आवाजात फोनवर त्याच्या मॅनेजरशी बोलत होता.

"झालं सर. हो, माझ्यासमोर. म्हणजे, माझ्याच हातून. नाही सर, स्पीड नव्हता. रेसिंग नाही सर, बारात आहे. बारात. हो सर, नाचत होते. कोण म्हणजे... सगळेच, सर."

त्यानं आमच्याबरोबर दस्तरखानावर बसून जेवण केलं आणि गाडीबरोबर ट्रकमध्येच बसून गेला. साफा त्याच्या डोक्यावर तसाच होता.

काही दिवसांनी शोरूमचा नकार आला. गाडीचा असाधारण वापर झाला, सबब वॉरंटी लागू नाही. मी काळा कोट घातला, डॉक्टरांना बरोबर घेतलं आणि नागपूरला गेले. इंजिनिअर मॅनेजरच्या शेजारीच बसला होता.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ही गाडी बारातीसाठी बनलेली नाही."

"मान्य. मग कशासाठी बनली आहे?"

"वेगासाठी."

"ट्रॅकवर वेगात चालवली तर वॉरंटी आहे?"

"नाही. रेसिंग चालत नाही."

"बारातीत हळू चालवली तर?"

त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. मी म्हटलं, "म्हणजे जोरात चालवली तरी नाही आणि हळू चालवली तरी नाही. उभी ठेवली तर आहे ना?"

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात इंजिनिअरनं घसा साफ केला. "सर, शेवटी गाडी माझ्या हातात होती. आणि क्लच मर्यादेच्या आत होता. मी पाहिलंय. गिअरबॉक्समध्येच दोष आहे." हे सांगताना तो मॅनेजरकडे पाहत नव्हता, टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होता. त्याला हे जड जात होतं, आणि तरी त्यानं सांगितलं. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या चलाखीची थोडी लाज वाटली, पण फार नाही.

मॅनेजरनी चहा मागवला. चहा आला तेव्हाच मी समजले.

नवा गिअरबॉक्स परदेशातून यायला उन्हाळा उजाडला. तोवर अंगणात गाडीची जागा रिकामी होती आणि समोरच्या भाईंना अपराधी वाटत होतं. दर शुक्रवारी त्यांच्याकडून बिर्याणीचा डबा यायचा. एकदा तर ते स्वतः येऊन म्हणाले, "माझ्याकडं एक गिअरबॉक्स पडून हाय. ट्रकचा हाय, पण पाह्यजे असन तं लावून देतो." डॉक्टरांनी अतिशय नम्रपणे नकार दिला.

आता गाडी नीट चालते. बाजारात, बंड्यांच्या मागे, स्पीडब्रेकरवर, कुठेच अडत नाही. सुरुवातीला डॉक्टर खूश होते. मग ते उदास होत गेले. पूर्वी डॉक्टर मंडळींच्या चहाला ते गेले की त्यांच्याभोवती सगळे जमत, गिअरबॉक्सचं काय झालं म्हणून विचारत. आता कुणी विचारत नाही, आणि नीट चालणाऱ्या गाडीबद्दल सांगणार तरी काय?

परवा पुसदला एका नातेवाइकांकडे निघालो होतो. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी मान तिरकी केली, गाडीतलं गाणं बंद केलं आणि म्हणाले, "वकीलबाई, डावीकडून बारीक कुरकुर ऐकू येते का तुम्हाला?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरची ती आशा पाहून मी म्हटलं, "हो, जराशी येते खरी."