काहिलीला चिकटलेलं खवलं

बहात्तरच्या दुष्काळातली ती केस अजून डोळ्यांसमोर आहे आणि ती आठवली, की आधी मनात येतात ते दोन माणसांचे उपकार. तेव्हा मी अकोले तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. त्या उन्हाळ्यात फिर्यादी यायच्या त्या धान्याच्या, नाहीतर कडब्याच्या. एका सकाळी मात्र नदीकाठच्या एका गावचे पाटील पंधरावीस माणसं घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, देवाचे मासे चोरीला गेले."

हवालदाराला हसू फुटलं. मी डोळे वटारले तेव्हा कुठे तो दौत-टाक घेऊन बसला.

त्यांच्या देवळाखाली प्रवरेचा डोह होता, त्यात हातभर लांबीचे महाशीर. तिथे गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही, हा पिढ्यान् पिढ्यांचा नियम. या माशाला गार, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. पूर आला की तो धारेला उलटा चढून वरच्या खडकाळ पात्रात अंडी घालतो, म्हणून पावसाळ्यात तिथले लोक वरच्या अंगालाही जाळं लावत नसत. त्या वर्षी नदीची धार तुटली आणि डोहाचं डबकं झालं. पाटील दुष्काळी कामासाठी नगरला गेले होते. परत येऊन पाहतात तर डबक्यात एकही मासा नाही.

खबर दुपारपर्यंत मिळाली. मासे धरून पोट भरणारा गावचा भोई पहाटे डोहाकडून बैलगाडी हाकत जाताना एका मेंढपाळाला दिसला होता. आता या भोयाकडे गाडी कुठली? त्याला ठाण्यात आणून समोर बसवला.

"मासे कुठे विकलेस?"

"म्या इकलं न्हाईत, साहेब."

"मग गाडी कोणाची?"

"त्ये इचारू नका."

अर्धा दिवस खोदून खोदून विचारलं. चहा पाजला, आवाज चढवला, पण पठ्ठ्या ढिम्म. खोटं बोलणारा माणूस भराभर बोलतो, हा माझा अनुभव. हा तर थापही मारत नव्हता. एकदा मात्र त्याने आपणहून विचारलं, "साहेब, औंदा पाऊस कवा येईल?" मी चिडून म्हणालो, "तुला लॉकअपमध्ये पावसाचं काय पडलंय रे!"

बाहेर प्रकरण तापत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी गावकी बसून भोयाचं बिऱ्हाड गावाबाहेर काढणार होती. त्या उन्हाळ्यात गावाबाहेर म्हणजे पाणी असलेल्या एकुलत्या एका विहिरीपासून तुटणं. त्याची बायको दोन लेकरं घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

पंचनाम्यावर सही घ्यायला मी सकाळी पाटलांच्या घरी गेलो. अंगणात पाटलीणबाई गुळाची काहील राखेने घासत होत्या. त्या पहाटेच संगमनेरहून, लेकीचं बाळंतपण उरकून आल्या होत्या. मी ओट्यावर टेकलो आणि मनात आलं, यंदा शिवारात उसाचं टिपरू नाही, गुऱ्हाळ बंद, मग काहील कशाला घासताहेत? जवळ जाऊन पाहिलं. काठाच्या आत रुपयाएवढं खवलं चिकटलं होतं.

मी एवढंच म्हणालो, "वहिनी, भोई लॉकअपमध्ये आहे."

त्यांच्या हातातली नारळाची शेंडी गळून पडली. "अगं आई गं! त्याला मारलं तर न्हाई ना?"

"मारलेलं नाही. पण आज गाव त्याला बाहेर काढतंय."

त्या उठल्या, पदर सावरला आणि ओसरीवर बसलेल्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "म्याच दिली गाडी. काहीलबी म्याच दिली. पानी भरून, वल्या गोनपाटाखाली मासे नेलं त्यानं."

पाटील कडाडले, "देवाच्या माशाला हात लावलास?"

"मग मरू द्यायचे व्हते? तुमास्नी दोनदा इचारलं. तुमी म्हनला, देवाचं देव बघंल. देव काय गाडी जुपायला येतोय व्हय?"

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाऊस पडंस्तवर कुनाला सांगू नगंस, अशी आन म्याच घातली त्याला. लोक उपाशी हायेत, साहेब. जागा कळली तर मासे चुलीवर जातील."

मी आणि पाटील, दोघेच त्यांच्यासोबत राजूरच्या अंगाला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीआड झऱ्याचा खोल डोह होता. पाटलीणबाईंनी कणकेची गोळी टाकली. पाणी हललं आणि तांबूस कल्ल्यांचं एक मोठं धूड वर आलं, मागोमाग दुसरं, तिसरं. पाटील पाण्याशी वाकले. "ह्येच की हो," एवढंच म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले.

त्यांनी स्वतः ठाण्यात येऊन भोयाला सोडवून नेलं. गावकीत जागा सांगितली नाही. "मासे जित्ते हायेत, म्या बघितलेत," एवढ्यावर गाव गप्प बसलं. गैरसमजुतीची फिर्याद म्हणून मी केस बंद केली. पाऊस आल्यावर त्याच काहिलीतून मासे परत देवळाखाली आले.

नोकरीभर मी आरोपींना बोलतं करायला शिकलो. माणूस स्वतःसाठी गप्प आहे की दुसऱ्या कोणासाठी, हे आधी पाहावं, हे मला त्या भोयाने शिकवलं. त्याचे आणि त्या माउलीचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे ऊस आला, गुऱ्हाळ पेटलं. पहिली ढेप देवाला, ही गावाची रीत. त्या वर्षी पाटील ती डोक्यावर घेऊन देवळावरून तसेच पुढे गेले आणि भोयाच्या दारात उतरवली.