पिंकी आणि दह्याचं वाडगं

मी आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिनच्या एका औषध कारखान्यात लोकांना हात कसे धुवायचे ते शिकवतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी बाजू घ्यायला नको.

मुलीने साप पाळलाय, बिनविषारी. तो गोठवलेली उंदराची पिल्लं खातो. दुकानदार त्यांना 'पिंकी' म्हणतो. आपल्या प्रत्येक नात्यागोत्यात एखादी पिंकी असतेच, म्हणून सांगलीहून आलेल्या आईला मी तो शब्द सांगितला नाही. उंदीरही सांगितले नाहीत. गराजमधल्या फ्रीजरमध्ये कारखान्याचं काहीतरी आहे, म्हणालो.

मुलीचा नियम कडक. पिंकी गराजमध्येच, वेगळ्या डब्यात वितळवायची, मग साबणाने हात. "बाबा, गोठून जंतू मरत नाहीत, झोपतात फक्त," असं ती तिच्या आयरिश इंग्रजीत बजावायची. एका शनिवारी ती मॅचला गेली आणि मला तो डबा सापडेना. मी स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, स्टीलचं वाडगं घेतलं, त्यात कोमट पाणी आणि पिंकी. सापाचं जेवण झाल्यावर वाडगं नळाखाली धरलं, जागेवर ठेवलं. साबण नाही.

संध्याकाळी आईने त्यातच दही लावलं आणि ओव्हनचा दिवा लावून रात्रभर उबेत ठेवलं. कारखान्यात मुद्दाम जंतू वाढवायचे असले तरी आम्ही याहून वेगळं काय करतो?

सकाळी ती दहीपोहे खात होती, तेव्हा मी वाडगं ओळखलं.

"आंबट झालं असेल गं."

"खाऊन तर बघ."

मी नको म्हणालो. तेवढंच म्हणालो.

मग आईला जुलाब, ताप. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात साप, कासव असं काही आहे का? आईला इंग्रजी येत नाही, दुभाष्या मी. मी मराठीत विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंस का?"

"छे. घरचंच दही. काय छान लागलं होतं! भेटायला आल्या होत्या ना, त्या टॅला गावच्या दोघी वहिनींना विरजण दिलं, आणि त्या लांब शॅननहून आलेल्या बाईंनाही."

माझं वाडगं आयर्लंडभर फिरायला निघालं होतं. मग मी सगळं सांगितलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. इंग्रजीत सोपं गेलं.

तपासणीत साल्मोनेलाचे जंतू निघाले. तिन्ही घरी फोन करून दही टाका, भांडी उकळा म्हणालो.

"अहो, श्रीखंडासाठी चक्का टांगलाय," टॅलाच्या एक वहिनी म्हणाल्या.

"उतरवा."

"का पण?"

तेही सांगितलं. सुदैवाने तिथे कुणाला काही झालं नाही.

आई आठवड्याने सावरली. मी विचारलं, "साप देऊन टाकू का?"

"त्याला कशाला? तो काय माझ्या वाडग्यात जेवायला आला होता? वाढलंस तू." मग म्हणाली, "इकडे ये. हात दाखव."

मी दाखवले. दोन्ही बाजूंनी.