वाकलेल्या माणसामागं

आईचं हाड मोडलं म्हणून मी आठवडाभर दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर वाघाच्या तावडीतून वाचलेली एक बाई होती. मानेपासून दंडापर्यंत पट्टी. तिचं नाव मी विचारलंच नाही. ती दिवसभर गप्प पडून असायची. पण सफाईवाली फरशी पुसायला वाकली, की ही सलाईनची बाटली हातात धरून धडपडत उठायची आणि तिच्या पाठीमागं उभी राहून दाराकडं टक लावून बघायची. सगळा वॉर्ड हसायचा. मीही हसले.

एकदा माझा चमचा पडला. मी वाकले, तर आलीच!

"काऊन असं करून राह्यल्या बाई?" मी वैतागून विचारलं.

"वाघाले वाकलेलं माणूस जनावरच दिसते. मोहफुलं वेचाले गेलं का एकीनं वेचाव, एकीनं उभं राहून पाहाव. त्या दिवशी जाऊ वेचत होती, उभं राहाची पाळी माही होती. पायापाशी फुलं दिसली, अन् मीबी वाकली. मले पंजा मारला, अन् जावेले नेलं वाघानं."

मी चमचा उचलला आणि तिला धरून खाटेवर नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिची पट्टी सोडून पाहिली. "जखम छान भरली. सुट्टी."

"आणि मनाचं?"

"मनाचे डॉक्टर बुधवारी येतात."

तो सोमवार होता. दुपारी तिला घरी पाठवलं.

मंगळवारी सफाईवाली आली. वाकण्याआधी तिनं वळून त्या रिकाम्या खाटेकडं पाहिलं. कोणी हसलं नाही. मी उठले आणि तिच्या मागं जाऊन उभी राहिले.